शेतात रांधतं कोण आणि जेवतं कोण?



घरात जेवणारी तोंडं दहा आणि रांधणारी एक, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शेताचंही तसंच आहे. आपल्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानात किती जण जेवतात ते मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. मावा, घाटेअळी, नाकतोडा, उंदीर, साळुंकी, बेडूक, धामण, गाय, शेळी आणि आपण स्वतः. पण या सगळ्यांसाठी रांधणारं एकच आहे, ते म्हणजे हिरवं पान.

पोरांच्या शाळेच्या पुस्तकात याला 'अन्नसाखळी' म्हणतात. पोरं तो धडा परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. आपल्याला मात्र तो दर हंगामात उपयोगाचा आहे. फवारायचं की चार दिवस थांबायचं, उंदराचं औषध ठेवायचं की नाही, पाचट पेटवायचं की कुजवायचं, हे ठरवायचं तर शेतात कोण कुणावर जगतं ते आधी माहीत पाहिजे. नाहीतर पैसा आपला जातो, कधी कधी तर गटातून उचललेल्या कर्जातला जातो, आणि कीड पुन्हा तिथंच. म्हणून आज आम्ही हा धडा आपल्या बांधावर बसून, आपल्या भाषेत सांगणार आहोत.

पानाची चूल

स्वयंपाकाला काय लागतं? जिन्नस आणि जाळ. पानाचे जिन्नस दोनच आहेत. एक पाणी, ते मुळं जमिनीतून ओढून वर पाठवतात. दुसरी हवा. पानाला, जास्त करून खालच्या बाजूनं, डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत जातो. आपण श्वास सोडतो त्यात हा वायू असतो. आणि जाळ म्हणजे सूर्याचं ऊन. पानातला जो हिरवा रंग आहे, त्याला हरितद्रव्य म्हणतात. ते ऊन धरून ठेवतं. त्या उन्हाच्या जोरावर पान पाणी आणि वायू एकत्र करून साखर बनवतं. उरलेला प्राणवायू बाहेर सोडतं.

त्या साखरेतूनच झाड बाकीचं सगळं घडवतं. ज्वारीच्या दाण्यातलं पीठ, करडईतलं तेल, कडब्यातला काष्ठभाग, उसातली गोडी, हे सगळं आधी पानात बनलेल्या साखरेतून येतं. म्हणून झाडांना 'उत्पादक' म्हणतात. कुणाचं न खाता स्वतःचं अन्न स्वतः बनवणारे ते उत्पादक.

इथं एक शंका बऱ्याच जणी विचारतात. मग खत म्हणजे पिकाचं जेवण नाही का? नाही. खत म्हणजे भाकरीतलं मीठ समजा. मिठाशिवाय भाकरी अळणी लागते, पण नुसत्या मिठाची भाकरी होत नाही. जवळजवळ पावणेचारशे वर्षांपूर्वी बेल्जियममधल्या फान हेल्माँट नावाच्या माणसानं हे तोलून पाहिलं होतं. त्यानं सुमारे ९० किलो वाळवलेली माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात आपल्या वाळुंजाच्या जातीचं, दोन-सव्वादोन किलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड ७६ किलोंच्या वर गेलं. मग माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त ६० ग्रॅमच्या आसपास कमी झाली होती. त्याला वाटलं, सगळं झाड पाण्यातूनच झालं. हवेचा वाटा पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधला. पण एक गोष्ट त्यानं दाखवून दिली, की झाडाचं वजन मातीतून येत नाही. मातीतून जातं ते थोडंसंच. मात्र ते थोडंसं नसेल तर चूल पेटत नाही, म्हणून मातीची काळजी घ्यायची.

या थोडक्यात सगळ्यात जास्त लागतो तो नत्र. हवेत नत्र भरपूर आहे, पण पानाला तो थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, मूग, मटकी, भुईमूग यांनी त्यावर तोड काढली आहे. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. दोघांचाही संसार चालतो. हरभरा फुलावर आला की एखादं झाड खुरप्यानं हलक्या हातानं मातीसकट काढा, मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखानं फोडून पाहा. आतून गुलाबी-लालसर दिसली तर जिवाणू कामाला लागलेत असं समजा. आपल्या आज्या ज्वारीत तूर, बाजरीत मटकी घालायच्या. त्यामागं हा फायदाही होता.

आता सगळेच हिरवे काही कष्टाळू नसतात. बांडगूळ आंब्यावर बसतं. त्याला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते बनवतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून चोरतं. ज्वारीत टारफुला येतो. दिसायला साधं तण, पण त्याची मुळं ज्वारीच्या मुळांना चिकटून शोषून घेतात. म्हणून पाणी असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते. टारफुला फुलावर यायच्या आत उपटायचा, कारण त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. आणि अमरवेल तर पुरतीच आयतोबा. पिवळ्या दोऱ्यांसारखी ती दुसऱ्याच्याच जिवावर जगते.

आणखी काही उत्पादक आपण पेरत नाही, तरी ते आपल्याला जेवू घालतात. पाथरी, तांदुळजा, घोळ, कुर्डू, चिवळ. खुरपता खुरपता ओच्यात चार मुठी भाजी घेऊन येणारी बाई आपल्यातलीच असते. तणनाशक मारलं की तणाबरोबर हीही भाजी जाते. खुरपणीची मजुरी वाचली हे आपण धरतो, ताटातली भाजी गेली हे कुणी हिशोबात धरत नाही. तणनाशक मारलेल्या रानातली भाजी मात्र खुडू नका, ती दिसायला हिरवी असली तरी.

आयतं जेवणारे

ज्यांना स्वतःचं अन्न बनवता येत नाही ते सगळे 'भक्षक'. जे थेट झाडं खातात ते पहिल्या पंगतीचे. पुस्तकात त्यांना प्राथमिक भक्षक म्हणतात. पण प्रत्येकाची खायची तऱ्हा वेगळी.

गाय घ्या. आपण कडबा खाल्ला तर पचणार नाही. खरं सांगायचं तर एकट्या गाईलाही तो पचत नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्याला कोटीपोट म्हणतात. त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि तेच कडब्यातला काष्ठभाग फोडतात. गाय चारा आधी गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते, ते या जिवाणूंना बारीक चारा मिळावा म्हणून. म्हणजे गाईला चारताना आपण तिच्या पोटातल्या जिवाणूंनाही चारत असतो. म्हणूनच लग्नातला उरलेला भात-बुंदी किंवा पाटीभर धान्य एकदम जनावरापुढं टाकू नये. त्यानं कोटीपोटात आंबटपणा वाढतो, जिवाणू मरतात आणि जनावर दगावू शकतं. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

माव्याला चावता येत नाही. त्याचं तोंड सुईसारखं असतं. ते पानात खुपसून तो रस पितो. रसात साखर जास्त, म्हणून जास्तीची साखर तो मागून सोडून देतो. ज्वारीच्या पानावर हाताला लागणारा चिकटा तो हाच. मुंगळे त्या चिकट्यासाठी माव्याभोवती फिरतात आणि त्याची राखणही करतात. घाटेअळीचं तोंड मात्र कातरणारं. ती घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत घालते आणि दाणा खाते, निम्मं अंग बाहेरच राहतं. उंदीर तर जेवढं खातो त्याहून जास्त बिळात साठवून ठेवतो.

दुसऱ्या पंगतीला बसतात ते या किड्यांना खाणारे. यांना आपण ओळखायला पाहिजे, कारण कीड समजून आपणच यांना चिरडतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याची पिल्लं पाहिली आहेत का? लांबट, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकल्या सुसरीसारखी दिसतात. ती ढालकिड्यासारखीच मावा फस्त करतात. एकेक ढालकिडा दिवसाला काही डझन मावे खातो. पानावर केसासारख्या बारीक देठांवर उभी पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. त्याच्या अळ्याही मावा खातात. ती अंडी पुसू नका.

कोळ्याला दाणा-घास चावून खाता येत नाही. तो किड्याच्या अंगात पाचक रस सोडतो, आतलं पातळ होऊ देतो आणि मग शोषून घेतो. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची एक जात तर राईच्या दाण्याहून लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही, निघते ती नवी ट्रायकोग्रामा. कृषी विद्यापीठं याची कार्डं तयार करून देतात, ती पिकात टाचून ठेवायची असतात.

पाखरांचंही तसंच. गुरं चरताना गायबगळे मागं मागं चालतात, कारण खुरांनी गवत हललं की किडे उडतात. कोतवाल तारेवर बसून उडते पतंग टिपतो. साळुंकी नांगराच्या तासात हुमणी वेचते. बेडूक रात्रभर जीभ फेकून किडे पकडतो. पूर्वी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी खायला पाठवले जात. बेडूक घटले तर पिकावरची कीड वाढेल म्हणून ओरड झाली आणि १९८७ साली ती निर्यात बंद केली गेली.

तिसऱ्या पंगतीला धामण, मुंगूस, घुबड. धामण बिनविषारी. ती गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते असं म्हणतात, पण सापाच्या तोंडाची घडणच चोखून पिण्याची नाही. ती गोठ्यात येते ती उंदरांसाठी. गव्हाणी घुबडाला आपण अशुभ मानतो, पण ते रात्री जागून आपल्याच धान्याची राखण करतं. कणगीतलं धान्य खाणारा उंदीर त्याचं रोजचं जेवण आहे.

आणि आपण? आपण भाकरी खातो तेव्हा पहिल्या पंगतीला, अंडं किंवा मटण खातो तेव्हा दुसऱ्या. सगळ्या पंगतींत बसणाऱ्यांना मिश्राहारी म्हणतात. कोंबडी, कावळा आणि डुक्करही तसेच.

वरच्या पंगतीत पानं थोडी का?

शेतात मावे लाखांनी, ढालकिडे शेकड्यांनी, बेडूक दहा-वीस आणि धामण एखादीच. असं का? खाल्लेल्यातलं बरंचसं रोज जगण्यातच खर्च होतं. चालणं, उडणं, अंग गरम ठेवणं, श्वास घेणं. आपण वर्षभर भाकरी खातो, पण आपलं वजन काही भाकरीएवढं वाढत नाही. ढोबळ हिशोब असा सांगतात, की एका पंगतीकडून पुढच्या पंगतीला साधारण दहावा हिस्साच पोचतो. हजार किलो हिरवा पाला असेल तर त्यावर शंभर किलो किडे पोसतील, त्यांच्यावर दहा किलो बेडूक आणि बेडकांवर एक किलो साप. रेमंड लिंडेमन या अमेरिकी तरुणानं एका तळ्याचा अभ्यास करून १९४२ साली ऊर्जा अशी पायरीपायरीनं कमी होत जाते हे मांडलं.

आता हा हिशोब फवारणीला लावून पाहा. मावा पटापट वाढतो. त्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं टाकतात आणि हवा मानवली तर ती पिल्लं आठवडाभरात स्वतः वितात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. सरसकट विष मारलं की दोघंही मरतात. पण कुठंतरी चार मावे वाचतातच, आणि ते आधी वाढतात. त्यांना खाणारा आता शेतात नसतो. मग पंधरा दिवसांत पुन्हा मावा, पुन्हा फवारा, पुन्हा दुकानदाराची उधारी. पहिली फवारणी घाईनं केली की पुढच्या दोन आपोआप मागं लागतात, त्याचं एक कारण हे आहे.

भांडी घासणारे

पंगत उठल्यावर उष्टं-खरकटं आवरणारं कुणी नसेल तर घराचं काय होईल? शेतात हे काम विघटक करतात. गळलेली पानं, धसकटं, शेण, मेलेले जीव, हे सगळं बुरशी, जिवाणू आणि गांडुळं मिळून कुजवतात. बुरशीला तोंड नसतं. ती आपले पाचक रस बाहेरच सोडते, काडी विरघळवते आणि मग शोषते. शेणातला भुंगा शेणाचे गोळे करून जमिनीत पुरतो. गांडूळ माती आणि कुजलेला पाला गिळतं आणि मागून सकस कण टाकतं. त्यातून मोकळे झालेले क्षार पुन्हा मुळांना मिळतात. म्हणजे ज्या मिठाची गोष्ट आपण आधी केली, ते मीठ हेच लोक पुन्हा पुन्हा भरून देतात.

उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड पेटवलं की काय होतं ते आता कळेल. त्यातला नत्र धुरात जातो, वरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळं होरपळतात. राख थोडी उरते, तिच्यात पालाश असतो खरा, पण विघटकांचं जेवण गेलेलं असतं. पाचट सरीत पसरून ओलं ठेवलं तर ते तिथंच कुजतं, ओल टिकते आणि तणही दबतं.

गिधाडांची गोष्ट

मेलेलं खाणारा आणखी एक मोठा पक्षी आपल्याकडं होता. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायांनी तो लहानपणी पाहिला असेल. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या आणि थोड्याच वेळात नुसती हाडं उरायची. गेली कित्येक वर्षं ती गिधाडं दिसत नाहीत.

कारण आहे एक औषध. जनावराच्या दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफिनॅक नावाचं इंजेक्शन दिलं जायचं. जनावर वाचलं नाही तर ते औषध त्याच्या मांसात राहायचं आणि ते मांस खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००४ साली कारण शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं आणि २००६ साली सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली ते औषध एका वेळेपुरत्या लहान कुपीतच विकायचा नियम झाला. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली.

गिधाडं गेल्यावर मेलेली ढोरं पडून राहू लागली आणि त्यांच्यावर मोकाट कुत्री पोसली. कुत्री वाढली की चावे वाढतात आणि पिसाळण्याच्या रोगाचा धोकाही. गोठ्यातल्या एका इंजेक्शनापासून शाळेत जाणाऱ्या पोराच्या पायापर्यंत ही साखळी पोचते. आपल्या हातात एवढं आहे: जनावराला इंजेक्शन देताना डॉक्टरांना विचारायचं, 'हे मेलोक्सिकॅम आहे का?' मेलोक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध गिधाडांना बाधत नाही.

उंदराच्या औषधाचंही असंच. त्यातली काही औषधं उंदराच्या अंगात राहतात. विष खाऊन झिंगलेला उंदीर पकडायला सोपा, म्हणून मांजर आणि घुबड आधी त्यालाच उचलतात. पिंजरा लावला, बिळं खणली, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवलं, तर राखणदार जिवंत राहतात. आणि घरात रांगतं पोर असेल तर विषाची गोळी कोपऱ्यातसुद्धा ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

फवारणीच्या आधी आपले डोळे

बहुतेक घरांत फवारणीचा निर्णय पुरुष घेतात आणि औषध कोणतं ते दुकानदार सांगतो. पण पिकात वाकून तासन्‌तास खुरपणाऱ्या आपण असतो. अळी पहिल्यांदा आपल्याला दिसते, ढालकिडाही आपल्यालाच दिसतो. म्हणून आमचं म्हणणं असं, की फवाऱ्याआधी मोजणी व्हावी, आणि ती आपण करावी.

हरभऱ्याचं सांगतो. शेतात वेगवेगळ्या दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ धरायची आणि अळ्या मोजायच्या. ओळीच्या मीटरमागं सरासरी एक-दोन अळ्या भरल्या तर उपाय करायची वेळ आली. त्याहून कमी असतील तर थांबायचं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं. मोजताना ढालकिडे, कोळी, क्रायसोपाची अंडी दिसली तर तीही लिहून ठेवायची. कामगंध सापळा लावला असेल तर सलग दोन-तीन दिवस रोज आठ-दहा पतंग सापडणं ही पुढं अळी येणार असल्याची खूण आहे.

पक्षीथांबे लावायला पैसे लागत नाहीत. काठीला आडवी काठी बांधून एकरी पंधरा-वीस थांबे पिकाच्या वर हात-दीड हात येतील असे रोवायचे. कोतवाल आणि साळुंकी त्यावर बसून अळ्या टिपतात. हरभरा पेरतानाच त्यात ज्वारीचे मूठभर दाणे टाकले तर तीच ताटं पाखरांना बसायला होतात.

अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क मारावा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची. सकाळी फडक्यातून दोनदा गाळायची. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि सगळं मिळून शंभर लिटर करायचं. त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या जून-जुलैत वेचून सावलीत वाळवाव्या लागतात. गटानं एकत्र वेचल्या तर सगळ्यांच्या रानाला पुरतात आणि उरल्या तर विकताही येतात.

एवढं करूनही विषारी औषध मारायची पाळी आली तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. दोन-तीन औषधं मनानं एकत्र करू नका. मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी फवारा. फवारल्यावर किती दिवस तोडणी करू नये ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढे दिवस भाजी, घाटे, हुरडा कुणालाही खायला देऊ नका. फवारणाऱ्यानं तोंडाला फडकं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीचे कपडे धुणारी बाईही त्याच विषाला हात लावते, म्हणून ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि रिकामा डबा पाण्याला वापरू नका.

मैत्रिणींनो, शेतातले सगळेच किडे आपले वैरी नाहीत. त्यांतले कितीतरी आपल्या बाजूनं राबणारे आहेत, तेही बिनमजुरीचे. त्यांची ओळख आपण आपल्या लेकी-सुनांना करून दिली तर पुढच्या हंगामात फवारणीचा खर्च कुठं वाचतो ते त्याच दाखवतील.



गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या रानात कोण कुणाला खातं याची साखळी खडूनं जमिनीवर काढा. प्रत्येकीनं एक जीव सांगायचा. एक जीव पुसला तर पुढं काय होईल ते बोला.

२. गेल्या वर्षी प्रत्येकीच्या घरी किती फवारण्या झाल्या आणि किती पैसे गेले ते वहीत लिहा. त्यातल्या किती फवारण्या मोजणी करून झाल्या?

३. येत्या हंगामात एकीच्या शेतात दोन ओळी ठरवून दर आठवड्याला अळ्या आणि मित्रकीटक दोन्ही मोजा. आकडे पुढच्या बैठकीला आणा.

४. आपल्या रानात न पेरता उगवणाऱ्या किती भाज्या अजून मिळतात? कोणत्या दिसेनाशा झाल्या? गटातल्या वयस्कर बायांना विचारून यादी करा.